तुम्ही विचारलंत म्हणून : कुलरचं पाणी कुंड्यांना का घालत नाही?

होळीनंतर कुलर बाहेर निघाला की हा प्रश्नही निघतो. सकाळी सहाला मी टाकीचं बूच काढते, गढूळ पाणी नालीकडे धावतं आणि मी ताज्या पाण्याची बादली घेऊन गच्चीचा जिना चढते. समोरच्या ओट्यावरून आवाज येतो, "वहिनी, एवढं पाणी फेकून देऊन राहिल्या! झाडांना घाला ना." गेल्या वर्षी दूधवाल्याने विचारलं. यंदा भाच्याने विचारलं, जरा रागानेच. शाळेत पाणी वाचवण्यावर प्रकल्प करतोय तो. मी दरवेळी "झाडांना चालत नाही" एवढंच म्हणते आणि समोरच्याला ते पटलेलं नसतं. पाण्याची नासाडी करणारी बाई असं कुणी मला समजावं, हे मला लागतं. म्हणून एकदा सगळं लिहिते.

आधी हे सांगते की मीही घालत होते. कौतुकाने घालत होते, चार जणींना सांगत होते.

२०१९ चा उन्हाळा आठवा. नागपूरला पाणी देणाऱ्या, पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला होता, पाऊस लांबला आणि जुलैत शहराला दिवसाआड पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नव्हतं. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं बोअरचं. कुलरही बोअरवरच. मग टाकीत उरलेलं पाणी गच्चीवरच्या गमल्यांना घालायचं, यात कुणाला काय वावगं वाटणार? मलाही वाटलं नाही.

गच्चीवर तेव्हा तीसेक कुंड्या होत्या. सदाफुली, जास्वंद, दोन बोगनवेल, अबोली, आणि एक बटमोगरा. तो माझा नव्हता. खालच्या मजल्यावरच्या आजी मार्चमध्ये मुलाकडे पुण्याला गेल्या, तेव्हा त्यांनी तो माझ्या हवाली केला होता. मोठी मातीची कुंडी, काठाला एक टवका उडालेला, बुंधा अंगठ्याहून जाड. दोघांनी मिळून उचलून वर नेली. "दिवाळीला आली की नेईन. फुलं तू वापर," म्हणाल्या.

एप्रिलमध्ये मोगरा लगडला. सकाळी वाटीभर कळ्या निघायच्या. मेच्या पहिल्या आठवड्यात पानांच्या टोकांना चहाच्या रंगाची किनार दिसायला लागली. ती टोकापासून कडेकडेने आत सरकत गेली, पानाचा मधला भाग मात्र हिरवाच. मला वाटलं, ऊन लागलं. पारा ४५ च्या पुढे, गच्ची तापलेली, दुसरं काय वाटणार? मी हिरवी नेट बांधली आणि पाणी वाढवलं. पाणी म्हणजे तेच, कुलरचं. तरी सुधारेना, तेव्हा झाड अशक्त झालं म्हणून चमचाभर डीएपी खत घातलं. आज त्या चमच्याचा विचार आला की हात आखडतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला तोवर पानं कडकडीत होऊन गळत होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फांदी वाकवली तर सरळ मोडली. आत हिरवं काही नव्हतं.

मधल्या काळात आजींचा फोन यायचा. "फुलला का गं?" एप्रिलमध्ये मी हो म्हणाले ते खरं होतं. मेमध्येही हो म्हणाले. जूनमध्येही.

कुंडी रिकामी करायला घेतली तेव्हा कळलं. कुंडीच्या बाहेरून, अर्ध्या उंचीपर्यंत, पांढरं पीठ फुटलेलं होतं. आधी मला ते जुन्या कुंडीचं वय वाटलं होतं. वरच्या मातीवर पातळ पांढरी पापडी. बोटाने खरवडली आणि का कोण जाणे, जिभेला लावली. खारट, आणि मागाहून कडवट. माती सगळी काळी, आपल्या शेतातली, वाळून विटेसारखी घट्ट झालेली. खालचं भोक त्याच मातीने बुजलेलं. मुळांची टोकं काळपट, हात लावला की तुटत होती. मी गच्चीवरच बसून राहिले. दुसऱ्याची वस्तू माझ्या हातून गेली होती, आणि तीही माझ्या चांगुलपणाने.

पुढे काही दिवसांनी पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला एक मुलगा आला. त्याच्या खिशात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची पेनासारखी कांडी होती. मी त्याला बोअरचं पाणी दाखवलं, आकडा सातशेच्या आसपास. मग कुलरच्या टाकीशी नेलं. तीन हजारांच्या वर गेला. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, एवढं त्यानेच सांगितलं.

हिशेब अवघड नाही, मला तो आधी सुचला नाही इतकंच. कुलर गार हवा देतो ते पाणी उडवून. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. ६० लिटरच्या टाकीत दिवसभरात आणखी १२० लिटर भरलं आणि सकाळी ६० उरलं, तर त्या ६० मध्ये १८० लिटरचे क्षार बसलेले. म्हणजे एका दिवसात तिप्पट. आणि मी तर पाणी वाचवायचं म्हणून टाकी पूर्ण उपसतच नव्हते. दोन बादल्या काढायच्या, वरून पुन्हा भरायचं. मातीतच इतके क्षार झाले की मुळांना पाणी ओढता येत नाही. कुंडी ओली असते आणि झाड तहानेने मरतं. वरून खताचा चमचा, तोही क्षारच.

यावर लगेच येणारा प्रश्न : एसीचं पाणी लोक घालतात, ते कसं चालतं? कारण ते उलट आहे. एसीच्या नळीतून येतं ते हवेतली वाफ थंड होऊन गळलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. फिल्टरमधून बाजूला टाकलं जाणारं पाणी मात्र कुलरच्या जातीचं, क्षार गोळा झालेलं. ही दोन्ही नावं एका श्वासात घेतली जातात, म्हणून घोळ होतो.

इथपर्यंत माझी बाजू अगदी भक्कम आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. दिवाळीत आजी आल्या. मी जिन्यातच सगळं सांगितलं, फोनवर खोटं बोलले तेही. त्या काही वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कुलरचं? अगं, मी तर दर उन्हाळ्यात तेच घालत होते."

बारा वर्षं. बारा उन्हाळे तो मोगरा कुलरच्या पाण्यावर जगला होता आणि माझ्याकडे एका उन्हाळ्यात गेला. आजी चिडल्या नाहीत. रिकामी कुंडी मागितली, धुऊन घेतली आणि खाली नेली. मला मात्र त्यानंतर कितीतरी रात्री तेच वाक्य ऐकू येत होतं.

मी स्वतःला समजावत राहिले. आजींचा कुलर नळाच्या, पेंचच्या पाण्यावर चालायचा, बोअरच्या नव्हे. त्या रोज टाकी रिकामी करून घासायच्या, त्यामुळे क्षार साठायलाच वेळ नव्हता. कुंडी खाली अंगणात होती, पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीची धार तिच्यावर पडून दरवर्षी माती धुऊन निघत असेल. हे सगळं पटतं. पण मग दोष कुलरच्या पाण्याचा नाही, माझ्या कंजुषीचा आहे. मी थोडं थोडं पाणी घालत होते, खालून धार लागेपर्यंत कधीच नाही. पाणी खालून वाहून गेलं असतं तर क्षारही गेले असते. बुजलेलं भोक मी बघितलंच नाही. डीएपी मीच घातलं. मार्चपर्यंत सावलीत वाढलेलं झाड मीच तापलेल्या गच्चीवर नेलं. यातलं नेमकं काय नडलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच पाण्यावर, दोन्ही बोगनवेली गच्चीभर फुलल्या होत्या, हेही लपवत नाही. ती क्षार सोसणारी आहे, मोगरा नाही.

तेव्हा पाणी नालीत सोडताना माझ्याही जिवाला लागतं. आता त्यातलं बरंचसं मी अंगण आणि जिना धुवायला, संडासात टाकायला वापरते. तरी दोन-तीन बादल्या उरतात, त्या तुम्हाला दिसतात. बोगनवेलीला आठवड्यातून एकदा घालते, दुसऱ्या दिवशी साधं पाणी खालून वाहेपर्यंत सोडते. कुंडीत काळी माती निम्म्याहून कमी, बाकी रेती आणि शेणखत, आणि भोकावर खापरीचा तुकडा. मेमध्ये खत नाही.

यंदा भाच्याच्या हट्टापायी सदाफुलीच्या दोन सारख्या कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीला नळाचं पाणी, एकीला कुलरचं, पण रोज उपसलेल्या टाकीचं. दोन महिने झाले. तो दर रविवारी येऊन फुलं मोजतो आणि वहीत लिहितो. आजपर्यंत दोन्हींत फारसा फरक नाही. तो म्हणतो, "बघ मावशी." मी बघते. कुलरवाल्या कुंडीच्या बाहेरून, तळाशी, बोटभर पांढरं आलंय, तेही मी त्याला दाखवलं.

आजींनी मागच्या पावसाळ्यात त्याच टवक्याच्या कुंडीत नवा मोगरा लावला. त्या पुन्हा पुण्याला जाणार आहेत. कुंडी कुणाकडे ठेवणार, ते अजून बोलल्या नाहीत, आणि मी विचारलेलं नाही.