'वेट'चं 'एट'

जानेवारीतली सकाळ. ग्वाल्हेरच्या थंडीत बोटं की-बोर्डवर चालायला तयार नसतात. दाल बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं लष्कर भागातल्या आमच्या वर्कशॉपात येऊन इलेक्ट्रॉनिक वजनकाटा टेबलावर आदळला. "भैया, चना रखो या चावल, ये हर चीज को आठ बोलता है."

वजनाचे आकडे बरोबर होते. वरच्या ओळीत मात्र इंग्रजी 'वेट'मधला डब्ल्यू गळून 'एट' उरलं होतं. मला हसू आलं आणि लगेच ओशाळलो, कारण त्या डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे त्यावर अक्षरं पाठवणारा प्रोग्राम, माझा.

नाना म्हणाले, "थंडी आहे रे. ऊन आलं की येईल तुझा डब्ल्यू." अगदीच चूक नव्हतं. थंडीत लिक्विड क्रिस्टल सुस्तावतं, आधीच्या अक्षराची सावली रेंगाळते. पण नेमकं पहिलंच अक्षर खाऊन बाकीची पाच ठळक ठेवणारी थंडी मी पाहिली नव्हती.

डिस्प्ले साधाच, 16 अक्षरी, दोन ओळींचा, आत हिताचीच्या एचडी 44780 जातीचा कंट्रोलर, म्हणजे पडद्यावर अक्षरं काढणारी चिप. एक आज्ञा चालू असताना दुसरी आली तर हा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अक्षर लिहायला त्याला 37 मायक्रोसेकंद पुरतात. पडदा पुसायला 1.52 मिलिसेकंद, म्हणजे चाळीसपट. "झालं का?" असं विचारायची सोय आहे, बिझी फ्लॅग वाचायचा. त्यासाठी वाचायचं की लिहायचं ते ठरवणारी आर-डब्ल्यू पिन प्रोसेसरला जोडावी लागते. मी प्रोसेसरची एक पिन वाचवायला ती ग्राउंड करून, म्हणजे कायमची 'लिही'वर ठेवून टाकली होती. आता विचारायचं नाही, अंदाजानं थांबायचं: पुसल्यावर 1.6 मिलिसेकंद, प्रत्येक अक्षरानंतर 50 मायक्रोसेकंद. दोन वर्षं निभावलं.

जुना डिस्प्ले लावला, 'वेट' आलं. काट्यातला नव्या लॉटचा होता. तोच परत लावून पुसल्यानंतरचा वेळ 1.65 केला, डब्ल्यू हजर. 1.55 केला, डब्ल्यूपाठोपाठ ई गेला. 1.5 केला, आयही गेला. म्हणजे पुसणं 1.6 आणि 1.65च्या मध्ये कुठंतरी संपत होतं.

डेटाशीट, म्हणजे कंट्रोलरचं माहितीपत्रक, पुन्हा उघडलं. 1.52 हा आकडा कंट्रोलरच्या आतलं, त्याला चालवणारं घड्याळ 270 किलोहर्ट्झचं असेल तेव्हाचा. तेच घड्याळ 190 ते 350पर्यंत कुठंही असू शकतं, हेही त्यातच छापलंय. 190ला पुसायला जवळजवळ 2.2 मिलिसेकंद लागतील. नवा लॉट 250च्या आसपास, चांगला नियमात होता. मधलाच आकडा उचलून निश्चिंत झोपलो होतो तो मी.

पुसल्यानंतरचा वेळ 3 मिलिसेकंद केला, अक्षराचा 70 मायक्रोसेकंद. पण तेवढा वेळ प्रोसेसर वजन वाचायचं सोडून नुसता बसून राहणं मला पटेना. म्हणून आता शेवटची आज्ञा कधी गेली ते टिपून ठेवतो आणि पुढची पाठवताना जेवढा वेळ उरला असेल तेवढाच थांबतो. बहुतेकदा थांबावंच लागत नाही. शिवाय पडदा पुसणं जवळजवळ बंद केलं. जुन्या अक्षरांवरच नवी लिहायची.

प्रोग्राम भरायला पाच मिनिटं. पण काटा उघडायचा म्हणजे नापतौलचं, आपल्याकडच्या वजनमापं खात्याचं, सील तोडायचं, मग पुन्हा तपासणी, पुन्हा शिक्का. व्यापारी हे ऐकून जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि नव्या लॉटचे आणखी अकरा काटे बाजारात होते.

नानांनी विक्रीची वही माझ्यापुढे टाकली, वर स्कूटरची किल्ली ठेवली. "कानटोपी घालून जा."