आमची वाटचाल : गोठ्यातली दालमिल

दालमिल टाकायचं डोक्यात आलं ते २०१७ च्या उन्हाळ्यात, तूर खरेदी केंद्राबाहेर ट्रॉलीखाली पडल्या पडल्या. त्याआधी २०१५ ला तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती. सरकारनं डाळीची पिकं पेरा म्हटलं, गावानं पेरली, पाऊसही पडला. मग हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपलेला. सहाव्या दिवशी नंबर लागला, तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला म्हणून माल परत! बाबांनी चार दाणे दाताखाली धरले. "कट्ट वाजते की! आता काय भाजून आणू?"

तीच तूर घरी आणली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल मी पाहिली होती. पुढच्या वर्षी तशीच गोठ्यात बसवली. दाण्याला रोलरवर चरे पाडायचे, तेल चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग पाण्याचा हात देऊन कडक ऊन दाखवायचं. पहिल्या खेपेला माझा पाण्याचा हात सैल पडला. डाळ कमी, चुणी म्हणजे तुकडा-टरफल जास्त. शेजाऱ्याच्या म्हशी तेवढ्या खूश झाल्या. आता क्विंटलमागे सत्तर किलोच्या वर डाळ पडते. तेलाचं माप बायकोच्या हाती आहे, माझ्या नाही.

नंतर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून मोठं यंत्र घेतलं. त्यात ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. बँकेत चपला झिजल्या, पण पैसे आले. नाही म्हणणार नाही.

पण यंत्र देणाऱ्या सरकारनंच मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली, पुढे त्यावरचं शुल्कही काढलं. त्याच जुलैत साठ्यावर मर्यादा आली, गिरणीवाल्यांवरसुद्धा. पुढे ती सैल केली, मग २०२३ मध्ये तुरीवर पुन्हा आणली. तूर येते जानेवारी ते मार्च. तेव्हा भरून ठेवली नाही तर दिवाळीला काय भरडू? शहरात डाळ महागली की सरकारला रात्री झोप नाही, शेतकऱ्याचा भाव पडला की समिती. २०२५-२६ चा हमीभाव ८००० ठरला, पण तो कागदावर. केंद्र वेळेवर उघडलं आणि बारदाना असला तरच तो खिशात येतो. मला विचाराल तर माझं अनुदान कापा, पण केंद्र जानेवारीत उघडा.

आम्ही अडतीतून तूर घेत नाही. आसपासच्या शेतकऱ्यांकडून घेतो, घरच्या काट्यावर, त्यांच्यासमोर. दोन वर्षं तोटा सोसला तो याच हट्टापायी.

मार्चमध्ये गावातल्या बाया घरची तूर घेऊन भरडायला येतात. पोत्यावर कोळशानं नाव लिहिलेलं असतं. चुणी आम्हाला ठेवली तर भरडाई कमी, नेली तर पूर्ण. बाबा अजून प्रत्येक पोत्यातले चार दाणे दाताखाली धरतात. त्यांचे खालचे दोन दात पडले, म्हणून ओलावा मोजायचं यंत्र आणलं आहे. ते टेबलावर असतं, बाबा दारात.