नव्या स्पीकरचा फाटका आवाज
गाडीच्या पुढच्या दारांत नवे साडेसहा इंची स्पीकर बसवून सीताबर्डीहून वर्धा रस्त्याला लागलो आणि तबल्याच्या डग्ग्यावर थाप पडताच आवाज फाटू लागला. स्पीकर सदोष असावेत असे मला वाटले. पण बॅलन्स फिरवून एकेक बाजू स्वतंत्रपणे ऐकली, तेव्हा डावा स्पीकर कमी आवाजातही खरखरत होता, तर उजवा केवळ आवाज वाढवल्यावर फाटत होता.

डावीकडे दाराच्या पॅनेलमागे सैल राहिलेली वायर स्पीकरच्या पडद्याला घासत होती. ती बांधताच खरखर थांबली.

उजवीकडचे कारण खोल होते, आणि ते दोन्ही स्पीकरना लागू होते. स्टिरिओच्या खोक्यावर 50 वॅट छापलेले असले तरी तो आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. गाडीच्या 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर आतला अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक चॅनेलला सलग साधारण 15 ते 20 वॅटच देऊ शकतो, आणि त्यापुढे ध्वनिलहरींची टोके कापली जाऊन आवाज फाटतो. बास बूस्टमुळे, म्हणजे खर्जातला आवाज वाढवणाऱ्या सेटिंगमुळे, ही मर्यादा फार लवकर गाठली जाते, हे बसवणाऱ्याने सांगायलाच हवे होते. मी बास बूस्ट शून्यावर आणला, ठरावीक कंपनसंख्येखालचा खर्ज अडवणारा हाय-पास फिल्टर 80 हर्ट्झवर ठेवला, आणि त्याच आवाजपातळीवर डग्ग्याचा घुमार स्वच्छ ऐकू आला.