लाल ठिपका

आमच्या परभणीत उन्हाळ्यात रात्री लाइट गेली की आधी पंख्याची घरघर थांबते आणि मग घर नेहमीपेक्षा जास्त काळे वाटू लागते. टीव्हीखालचा लाल ठिपका, मायक्रोवेव्हवरचे हिरवे आकडे, एसीच्या स्टॅबिलायझरचा दिवा हे सारे ‘बंद’ घरात रोज रात्रभर तेवत असतात, हे ते विझल्याशिवाय ध्यानातच येत नाही.

गेल्या मे महिन्यात एका रात्री मी फ्रिज, इन्व्हर्टर आणि राउटर मुद्दाम बंद केले, दिवे-पंखे मालवले आणि बॅटरी घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. त्यावरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट भरते, असे आमच्या मीटरवरच छापलेले आहे. वापरात काहीही नसताना तो दर ४५ सेकंदांनी डोळा मिचकावत होता. हिशेब मांडला तर २५ वॉट, म्हणजे वर्षाला २१९ युनिट. आई आतून म्हणाली, “रीडिंगवाल्याची नोकरी धरलीस का काय?”

मग एकेक पिन काढत गेलो. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरवरून मी पोरांना नेहमी बोलत आलो, पण त्याने जाणवण्याजोगा फरक पडला नाही. तेवढे माझे बोलणे वाया गेले. सेट-टॉप बॉक्स काढला आणि दिवा दोन मिनिटांनी एकदा लुकलुकू लागला. रिमोटने या डब्याचे चित्र तेवढे जाते, आतले काम बहुतेक चालूच राहते. हात ठेवला तर भाकरीच्या दुरडीसारखा कोमट. टीव्हीचे निदान समजू शकते, कारण रिमोटची खूण टिपायला त्याला कुठेतरी जागे राहावेच लागते. त्यासाठीही फार वीज लागत नाही : आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ सालीच एका वॉटची मर्यादा सुचवली होती आणि युरोपात २०१३ पासून नुसत्या प्रतीक्षेसाठी अर्ध्या वॉटचा नियम आहे.

त्याच २०१३ च्या दुष्काळात शेजारचे परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. माझ्या घरातली वीज नेमकी तिथलीच, असे म्हणता येत नाही. तरी तो डबा कोमट ठेवायलाही कुठेतरी कोळसा आणि पाणी लागतेच, हे त्या रात्री मीटरपाशी उभे असताना आठवले.

आता डब्याचे बटण रात्री मी भिंतीवरच बंद करतो. तो जागा व्हायला चांगली पाच मिनिटे घेतो आणि तोवर कीर्तनाचे निरूपण पुढे सरकलेले असते, म्हणून आई पहाटे पावणेपाचलाच उठून ते चालू करते.