तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या टॅरोच्या डेकमध्ये 77च कार्डं का

एकदाचं सांगूनच टाकते, कारण दर दोन-तीन रीडिंगमागे कोणीतरी मोजतंच. हो, टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांच्या डेकमध्ये 78 असतात आणि माझ्यात 77च आहेत. हरवलेलं नाही, डेक स्वस्तातला पण नाही. क्वीन ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे तलवारींची राणी, मी काढून ठेवलीये, रेशनकार्डाच्या जुन्या प्लास्टिक कव्हरमध्ये, कपाटात. आणि नाही, मी तिला घाबरत वगैरे नाही.

उलट आवडतं कार्ड आहे ते माझं. ढगांची नक्षी असलेला झगा, फुलपाखरांचा मुकुट, उजव्या हातात सरळ उभी तलवार, डावा हात पुढे केलेला, वर आभाळात एकच पक्षी. बाई आपल्याकडे बघतसुद्धा नाही. कोर्ट कार्डांची, म्हणजे राजा-राणी वगैरेंच्या कार्डांची, गंमत (आणि डोकेदुखी) हीच, की चित्रात काही घडतच नाही, नुसतं माणूस बसलंय, आता लाव अर्थ. हल्ली सगळे सांगतात की ही स्पष्टवक्ती, डोकं ठिकाणावर असलेली, गोड बोलण्याला न भुलणारी बाई. पण हे चित्र ज्या 1909च्या डेकमधलं, तो करवून घेणाऱ्या वेटसाहेबांच्या पुस्तकात हिच्या अर्थांमध्ये पहिलाच शब्द आहे वैधव्य. पुढे शोक, वांझपण, ताटातूट. एका बाईला किती काय काय द्यावं माणसाने!

तर समोरच्या काकू. काकांची बायपास झालेली, ते अजून आयसीयूत, काकू डबा घ्यायला घरी आलेल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "काढ गं एक पत्ता, तेवढाच जिवाला विरंगुळा." मला टॅरो शिकून जेमतेम चार महिने झालेले, म्हणजे अंगात पूर्ण आलेलं. काढलं तर ही. काकूंनी चष्मा वर केला, कार्ड जवळ धरलं आणि विचारलं, "हिच्या मनगटाला काय बांधलंय? आमच्या ह्यांच्या हाताला पण तिथे पट्टा बांधलाय नावाचा." तिच्या डाव्या मनगटाला एक गोंडा लोंबतो, त्याला बरेच जण तुटलेल्या दोरीचं टोक म्हणतात. मी तेही सांगितलं. मग पुस्तक उघडून वेटचा पहिला शब्द मराठीत वाचला. मोठ्याने. त्या काही बोलल्या नाहीत, डब्याचं झाकण परत एकदा दाबून बघितलं आणि गेल्या.

तेव्हाची मी अजूनही भांडते माझ्याशी, की पुस्तकात होतं तेच वाचलं ना, खोटं थोडीच सांगितलं. अगं पण तुला विचारलं होतं काय आणि तू दाखवलंस काय! मला सांगायचंच नव्हतं काही, मला येतं हे दाखवायचं होतं. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

काका ठणठणीत आहेत, रोज सकाळी दूध आणतात, लिफ्टमध्ये भेटले की "काय म्हणतंय आमचं भविष्य" विचारतात. त्यांना माहीत नाही. काकूंनी मला सांगितलं, दोन वर्षांनी, हळदीकुंकवाला, वाण हातात देता देता, की ते अकरा दिवस मी ह्यांच्या शर्टांचं काय करायचं ह्याचा विचार करत होते. एवढं बोलून पुढच्या बाईला अत्तर लावायला गेल्या. नंतर स्वयंपाकघरात परत गाठून म्हणाल्या, त्याच अकरा दिवसांत एफडीच्या पावत्या शोधल्या, एटीएममधून पहिल्यांदा स्वतः पैसे काढले, आणि दिराला सांगितलं की सही मी वाचल्याशिवाय करणार नाही.

म्हणजे कार्ड बरोबर आलं होतं? राणी त्याच होत्या? असं म्हणणं मला फार सोयीचं आहे, म्हणून मी म्हणत नाही. कधीकधी रात्री म्हणते. बरं, ते चित्र काढणारी पामेला कोलमन स्मिथ, जिने अख्ख्या डेकची चित्रं काढली आणि वर लिहून ठेवलं की काम मोठं पण पैसे अगदीच थोडे, तिने लग्नच केलं नव्हतं. तिला वैधव्य काढायचं होतं का फुलपाखरं, कोणाला विचारणार?

काही जण म्हणतात, कार्ड काढून ठेवणं म्हणजे चीटिंग. असेल. मुळात हे इटलीतले खेळायचे पत्ते, भविष्य नंतर चिकटलं त्यांना, मग मीच कशाला एवढी सोवळी राहू.

परवा काकू आल्या होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन करावं का विचारायला. बसल्या बसल्या म्हणाल्या, "ती तलवारवाली घाल ना आज." मी म्हटलं काकू, चहा टाकते.