दसऱ्याचं सोनं लुटून थोरांग ला: कोल्हापूरहून अन्नपूर्णा परिक्रमा

दसरा चौकात सोनं लुटून झालं की धनत्रयोदशीपर्यंत साधारण सतरा-अठरा दिवस हातात असतात. नेपाळच्या डोंगरात जायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच. पाऊस सरलेला असतो, कडाक्याची थंडी अजून पडायची असते आणि सकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ. आम्ही चौघे निघालो तेही याच हिशोबाने : मी, माझे दाजी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा आणि माझा एक कॉलेजपासूनचा मित्र. दाजी छप्पन वर्षांचे, भाचा चोवीसचा. एकादशीच्या संध्याकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी मुंबईहून काठमांडूचं विमान, तिथून बेसीसहर आणि पुढे अन्नपूर्णा परिक्रमा. थोरांग ला ही खिंड, उंची ५४१६ मीटर, ओलांडून मुक्तिनाथला उतरायचं.

आधी आराखड्याबद्दल सांगतो, कारण आमची सहल तरली ती त्या आराखड्यामुळेच.

पहिला आराखडा आम्हाला एका सहल कंपनीने दिला होता. त्यात बेसीसहरहून जीपने थेट मनांग, दुसऱ्या दिवशी याक खर्क, तिसऱ्या दिवशी फेदी, चौथ्या दिवशी खिंड. रजा कमी, त्यामुळे सगळ्यांना तो आवडला. मी कागद घेऊन बसलो आणि प्रत्येक गावापुढे तिथली उंची लिहिली. बेसीसहर साधारण ८०० मीटर, मनांग ३५४०. एका दिवसात अडीच हजार मीटरच्या वर चढून तिथेच झोपायचं! पूर्वी रस्ता नव्हता तेव्हा लोक हेच अंतर आठवडाभर चालायचे आणि चालता चालता शरीर सवय लावून घ्यायचं. जीपने ते दिवस वाचतात, पण शरीराला लागणारा वेळ काही कमी होत नाही. तो आराखडा आम्ही बाजूला ठेवला.

उंचीचा नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम तिथेच. दिवसा कितीही वर जा, रात्री खाली येऊन झोपा. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वर-खाली सगळीकडे २१ टक्केच असतं, पण वर हवेचा दाब कमी होतो. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्मा.

ह्या नियमावर बसवलेले आमचे मुक्काम असे होते : धारापाणी १८६० (इथपर्यंत जीप), चामे २६७०, अप्पर पिसांग ३३००, मनांग ३५४० इथे दोन रात्री, याक खर्क ४०५०, थोरांग फेदी साधारण ४५००, मग खिंड ओलांडून मुक्तिनाथ साधारण ३८००. चामे ते पिसांग उडी थोडी मोठी आहे, पण पुढच्याच दिवशी चढ कमी म्हणून आम्ही ती घेतली. शिवाय तीन दिवस राखीव. ह्या तीन दिवसांवरून घरात बरीच चर्चा झाली. 'रिकामे दिवस कशाला, त्यात पोखरा नीट बघून होईल' असं सगळ्यांचं म्हणणं. मी हट्ट सोडला नाही.

सरावाचं म्हणाल तर आपल्याकडे जागांना तोटा नाही. आम्ही दर रविवारी पहाटे जोतिबाचा डोंगर चढायचो, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड केलं, मसाई पठारावरचा तो पाऊस आणि चिखल तुडवत. पाय, गुडघे, बूट आणि सॅक या चारही गोष्टींची परीक्षा तिथे होते. बूट नवे घेऊन थेट नेपाळ गाठू नका, दोन पावसाळी रविवार त्यांना द्या. पण एक गोष्ट मनात पक्की धरा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. आमचं चालणं जिथे सुरू झालं ते धारापाणीच त्याहून उंच आहे. म्हणजे दम आणि ताकद इथे कमावता येते, उंचीची सवय मात्र इथे कुठेच लागत नाही. तालमीत घाम गाळलेल्या अंगालाही नाही.

वाटेबद्दल : नेपाळात दशैं, म्हणजे तिथला दसरा, चालू असतो. विजयादशमीनंतरही टिळे लावायला लोक गावोगाव फिरत असतात, ते थेट कोजागिरीपर्यंत. गाड्या भरलेल्या मिळतात, दुकानं-कचेऱ्या बंद. म्हणून परवाना आणि जीप आधीच ठरवून ठेवा. आम्ही दोन्ही कामं गाईडवर सोपवली होती. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड घेण्याचा नियम नेपाळने केला आहे, आणि नियम नसता तरी मी गाईड घेतलाच असता. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आपला एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला आहे. वर लागणारी रोकड खालीच घेऊन ठेवा.

धारापाणी ते चामे पहिला पायी दिवस. वाटेत पाइनची जंगलं आणि खाली गर्जत जाणारी मर्स्याङदी. त्या रात्री कोजागिरी होती. चामेच्या लॉजमध्ये दाजींनी दूध पावडरचं दूध आटवलं, घरून बहिणीने दिलेली मसाल्याची पुडी त्यात घातली, आणि आम्ही अंगणात बसून प्यायलो. समोरच्या बर्फावर चांदणं पडलं होतं. लॉजची मालकीण दोनदा मागून प्यायली.

पिसांगहून मनांगला जायला दोन वाटा आहेत. खालची रस्त्याने, सोपी. वरची घ्यारू, ङावल या गावांवरून, लांबची. वरचीच घ्या. घ्यारूचा चढ अंगावर येतो, पण वर पोचल्यावर अन्नपूर्णा दोन (७९३७ मीटर) इतकी समोर येते की बोलणं थांबतं. शिवाय दिवसा उंच चढून संध्याकाळी खाली मनांगला झोपता येतं, सवयीसाठी हे उत्तम.

इथपासून झाडं विरळ होतात, डोंगर तांबूस-करडे दिसायला लागतात. गगनबावड्याला धो धो पाऊस आणि शिरोळकडे कोरडं रान, हे आपण एकाच जिल्ह्यात बघतो. तसंच इथे अन्नपूर्णेच्या दक्षिणेला पोखरा चिंब आणि उत्तरेला मनांग, मुस्तांग पर्जन्यछायेत. हवा इतकी कोरडी की तहान कळत नाही. दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी ठरवून प्या, क्लोरीनची गोळी टाकून.

मनांगमध्ये हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना चालतो. तिथे रोज दुपारी डॉक्टर उंचीच्या आजाराबद्दल तासभर माहिती देतात. चुकवू नका. मुक्कामाच्या दिवशी सकाळी आम्ही गंगापूर्णा तलावाच्या वरच्या धारेपर्यंत चढून आलो आणि दुपारी दवाखान्यात जाऊन बसलो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती दिसली तर वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, किंवा सरळ रेषेत टाच-चवडा लावून चालता न येणं म्हणजे जिवावरचं, मग रात्र असो की पाऊस, लगेच खाली. भाचा माझ्या शेजारीच बसून सगळं ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी याक खर्कला तो आमच्या तासभर आधी पोचला. आम्ही गेलो तेव्हा बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. गाठ साधी होती, पण बोटं तिथेच घुटमळत होती. मी वाकून सोडवली. जेवताना डाळभातात नुसता चमचा फिरवत राहिला. बहिणीने दिलेली कांदा-लसूण चटणी त्याच्या ताटात तशीच. ज्या मुलाला घरी त्या चटणीशिवाय घास उतरत नाही, त्याने तिला बोट लावलं नाही, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. थोड्या वेळाने तो बाहेर जाऊन ओकला.

"मामा, डोकं दुखतंय. काल मनांगपासनंच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गोळी घेतली होती दुखायची. वाटलं राहील. पप्पा चालताहेत आणि मीच थांबायचं म्हणजे..."

त्याला ओळीत चालायला लावलं, चालला. श्वास ठीक होता. गाईड म्हणाला, पहाटेपर्यंत बघू, वाढलं तर रात्रीच उतरू. दाजी आणि मी आळीपाळीने जागे राहिलो. दाजी त्याच्या पायथ्याशी बसून होते, काही बोलत नव्हते, मधूनच त्याच्या पायावरची रजई सारखी करत होते. उजाडलं तरी डोकं उतरलं नाही. आम्ही सगळे परत मनांगला उतरलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. साधाच उंचीचा त्रास, पण वर गेला असता तर साधा राहिला नसता. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, सुरू केली. ही गोळी दाजी आणि मी कोल्हापुरातल्या आमच्या डॉक्टरांना विचारून आधीपासून घेत होतो, १२५ मिलिग्रॅम दोन वेळा. भाच्याने तेव्हा 'मला कशाला' म्हणून नको म्हटलं होतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती चालत नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, त्याने घाबरू नका. आणि डोकेदुखीची गोळी गुपचूप घेणं हा सगळ्यात मोठा धोका. गटात पहिल्याच दिवशी ठरवा : रोज रात्री जेवताना प्रत्येकाने डोकं, भूक, झोप कशी आहे ते मोठ्याने सांगायचं. आम्ही हे मनांगच्या दुसऱ्या फेरीपासून सुरू केलं, पहिल्यापासून करायला हवं होतं.

त्या संध्याकाळीच भाचा जेवला. आणखी एक पूर्ण दिवस थांबलो. तिन्ही राखीव दिवस संपले, आणि ते तिथे ठेवले होते म्हणूनच कुणाला घाई करावी लागली नाही. हे दिवस हवामानासाठीही लागतात. १४ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी ह्याच खिंडीत हिमवादळ आणलं आणि या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. ऐन हंगामात. आभाळ भरलेलं असेल तर फेदीला थांबा.

याक खर्क ते फेदी वाटेत दरड कोसळणारा पट्टा आहे, तो सकाळी लवकर, न रेंगाळता ओलांडा. फेदीच्या वर साधारण ४९०० मीटरवर हाय कॅम्प आहे. तिथे झोपल्याने शेवटचा चढ कमी होतो, पण रात्र वाईट जाते. आम्ही फेदीलाच झोपलो.

पहाटे चारला निघालो, कारण दहानंतर खिंडीत वारा सुटतो. पाण्याची नळी अर्ध्या तासात गोठली. साधी बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, तोंड मोकळं राहतं. खिशात गूळ-शेंगदाण्याच्या वड्या ठेवा, थंडीत चॉकलेटचा दगड होतो. भाचा या वेळी सगळ्यात मागे, दाजींच्या पावलावर पाऊल ठेवून चालत होता. नऊच्या सुमारास पताकांनी भरलेला तो दगडांचा ढीग आला. बापलेक एकमेकांना धरून उभे राहिले. मी लांबूनच बघितलं.

खरा त्रास पुढे आहे : मुक्तिनाथपर्यंत १६०० मीटरची सलग उतरण. दोन काठ्या घ्याच, गुडघ्यांसाठी.

मुक्तिनाथला १०८ धारा आहेत. दाजींनी सगळ्या घेतल्या, त्या बर्फाच्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी कागबेनीजवळ काली गंडकीच्या पात्रात उतरलो. इथले शाळिग्राम म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता तेव्हाच्या शंखजीवांचे जीवाश्म. त्या पात्रात उशिरा सकाळपासून असा वारा सुटतो की वाळू डोळ्यांत जाते, तेव्हा चालणं दहाच्या आत आटोपा. पुढे जोमसोमहून गाडीने पोखरा.

विमा काढताना हेलिकॉप्टरचा खर्च आणि ६००० मीटरपर्यंतची उंची त्यात लिहिलेली आहे का, हे कागदावर बघून घ्या. वर मटण खाऊ नका, खालून पाठीवर किंवा जीपने आलेलं असतं. डाळभात मागाल तितका वाढतात.

धनत्रयोदशीला सकाळी स्टेशनवर बहीण आली होती. भाच्याने सॅकच्या वरच्या कप्प्यातून चटणीचा रिकामा डबा काढून तिच्या हातात दिला. मनांगला परत उतरल्यावर संध्याकाळच्या जेवणात त्यानेच तो संपवला होता.