सही केली तेव्हा मला काय कळलं होतं

सकाळी सव्वासातला मी फॉर्मवर तीन सह्या केल्या आणि त्यात काय लिहिलंय ते मला अकराच्या सुमारास कळलं. लेकाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, वय साडेचार. आता तो मजेत आहे, टाके विरघळणारे होते त्यामुळे काढायचीही कटकट नव्हती, हे आधीच सांगते म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या सह्या माझ्या डोक्यातून जात नाहीयेत.

अंघोळ घालताना उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसली होती. रडला की फुगायची, झोपला की गायब. सासूबाई म्हणाल्या अंतर्गळ आहे, आमच्या शेजारच्या मुलाला होता, त्याच्या आईने वर नाणं बांधून ठेवलं होतं, आपोआप गेला. तो बेंबीचा होता. बेंबीचा बऱ्याचदा मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत स्वतःच बंद होतो, नाणं बांधा नाहीतर नका बांधू, पण जांघेतला तसा जात नाही आणि त्यात आतडं अडकलं तर रात्री-बेरात्री पळायची वेळ येते. हा फरक सर्जननी ओपीडीत सांगितलाही असेल, मला ऐकल्याचं आठवतच नाही. माणूस चांगला होता, शांतपणे बोलत होता, हर्नियाटॉमी, डे केअर, जनरलसोबत कॉडल देऊ, मी प्रत्येक वाक्याला हो हो करत होते आणि सगळा वेळ डोळे लेकाकडे, तो टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत होता. घरी येऊन नवऱ्याला फोनवर सांगायला बसले (तो कामासाठी जामनगरला असतो) तर माझ्याकडे तीनच गोष्टी निघाल्या. ऑपरेशन करायचंय, त्याच दिवशी सोडतील, रात्रीपासून उपाशी ठेवायचंय.

आणि तिथेच घोळ झाला. पहाटे साडेपाचला तो भुकेने रडत उठला, मी अंघोळीला गेले होते, सासूबाईंनी वाटीभर दूध पाजलं. आमच्याकडे संकष्टी, एकादशी सगळं होतं, आणि उपासाला दूध चालतं, भात-पोळी नाही चालत. त्यांनी नियम पाळलाच होता की, त्यांना जो माहीत होता तो. 'उपाशी ठेवा' एवढंच मला सांगितलं होतं आणि एवढंच मी त्यांना सांगितलं, का ठेवायचं ते मलाच माहीत नव्हतं तर मी त्यांना काय सांगणार.

हॉस्पिटलात सिस्टर आल्या, आई इथे सही करा, इथे, आणि इथे. (मुलांच्या वॉर्डात आपलं नाव 'आई'च असतं.) मग विचारलं मिस्टर नाही आलेत का, वडिलांची सही लागते. मी एकदम घाबरले, आता ऑपरेशनच होणार नाही असं वाटलं. दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या चालते आईची, घ्या. नंतर मी वाचलं त्याबद्दल. हिंदूंसाठी १९५६ चा पालकत्वाचा कायदा आहे त्यात मुलाचे पालक म्हणजे वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई असं लिहिलंय, पण १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नंतर म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही, वडील हजर नसतील, लक्ष घालू शकत नसतील तेव्हाही आई पालक आहेच. पंचवीस वर्षांहून जास्त झाली या निकालाला आणि तरी मला त्या काउंटरवर अपराध्यासारखं उभं राहावं लागलं याचा मला अजून राग येतो.

साडेसातला भूलतज्ज्ञ डॉक्टर आल्या, तरुण होत्या, माझ्या बहिणीच्या वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, रात्रीपासून याच्या पोटात काय काय गेलंय, पाण्याच्या घोटासकट सांगा. सासूबाई म्हणाल्या काही नाही हो, फक्त दूध.

डॉक्टर चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि सासूबाईंनाच सांगितलं की आजी, आपल्याला ठसका लागतो ना, त्याने अन्न श्वासनलिकेत जायचं वाचतं, भूल दिली की तो ठसकाच झोपतो, मग पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं, साधं पाणी दोन तासांत पोटातून पुढे जातं पण दूध पोटात गेलं की अन्नासारखंच, त्याला सहा तास द्यावे लागतात. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटतं ते एक वाक्य दोन दिवस आधी कुणी आम्हाला सांगितलं असतं तर वाटी उचललीच गेली नसती.

ऑपरेशन साडेबारावर गेलं. आणि जाता जाता त्या डॉक्टर मला म्हणाल्या, ताई, आता तुम्ही मला सांगा, आज याचं काय काय होणार आहे?

मी सांगायला लागले. पोटावर कापतील, आत जाळी बसवतील, माझ्या वडिलांना बसवली होती तशी. त्यांनी मान हलवली. जाळी मोठ्या माणसांना. त्यांनी ओपीडीच्या कागदामागे चित्र काढलं, बाळ पोटात असताना गोटी (वृषण) खाली उतरते ती वाट जन्माच्या आसपास बंद व्हायला हवी, याची उघडी राहिली, त्यातून आतडं खाली येतं, जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन ती पिशवी वेगळी करून बांधायची, बस. धोके काय तर रक्तस्राव, इन्फेक्शन, क्वचित परत होणं, क्वचित शेजारच्या शुक्रवाहिनीला, म्हणजे वीर्य वाहून नेणाऱ्या नळीला, किंवा गोटीच्या रक्तवाहिन्यांना इजा. मी एम.कॉम. आहे, बँकेत आहे, दिवसभर लोकांना सांगते सही करण्याआधी वाचा. आणि मी स्वतः जाळीला संमती देऊन बसले होते जी कुणी बसवणारच नव्हतं, आणि शुक्रवाहिनीचं नावही ऐकलं नव्हतं.

मग मी फॉर्म परत मागितला. मराठीतच होता, पण कसलं मराठी, शल्यक्रिया, प्रतिकूल गुंतागुंत, तदनुषंगिक उपचार, हे घरात कोण बोलतं? त्यात एक ओळ होती की गरज वाटल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. मी सर्जनना विचारलं, म्हणजे तुम्ही डावी बाजूपण उघडणार का? ते म्हणाले नाही, जिवावरचं काही असेल तर थांबणार नाही, बाकी काही दिसलं तर बाहेर येऊन तुम्हाला विचारीन. आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, फक्त उजवी बाजू. पेनाचे तीन शब्द, पण तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हो म्हणतेय ती मी म्हणतेय.

न विचारता जास्तीची शस्त्रक्रिया करण्यावरच २००८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश काढले होते, बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन. कोर्ट म्हणालं चालणार नाही, मुलगी सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, आणि संमती म्हणजे काय करणार, कशासाठी, दुसरे पर्याय काय, मोठे धोके काय, नाही केलं तर काय होईल हे सांगून घेतलेली संमती. मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. तिथे आईचा शब्द चालला नाही कारण लेक मोठी होती. माझा लेक साडेचारचा, त्याच्या शरीराबद्दल मलाच बोलायचंय आणि मी तर न वाचता बोलून मोकळी झाले होते.

आणि 'काही बरेवाईट झाल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही' ही ओळ आमच्याही फॉर्मवर होती. तिला भिऊ नका. हलगर्जीपणा झाला तर अशी सही घेतली म्हणून कुणी सुटत नाही.

त्या पाच तासांत आणखी एक काम केलं. लेकाला आम्ही सांगितलं होतं फोटो काढायला जायचंय. ते मला पुढे ओढवेना. त्याला सांगितलं गाठ बांधायची आहे, तू झोपलेला असशील, उठशील तेव्हा मी शेजारी असेन आणि तुझे पाय थोडा वेळ झोपलेले असतील. कॉडल म्हणजे कमरेखाली माकडहाडाजवळ दिलेलं दुखणं थांबवायचं इंजेक्शन, त्याने काही तास पाय जड होऊ शकतात, हे मला नुकतंच कळलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्याने पाय हलवायचा प्रयत्न केला, हलेना, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, झोपलेत अजून.

परवा साताऱ्याहून जाऊबाईंचा फोन होता, त्यांच्या मुलीचे टॉन्सिल काढायचेत. मी सांगितलं की डॉक्टरांना नक्की विचारा रक्त आलं तर काय करायचं, कारण टॉन्सिलनंतर पहिल्या दिवशी येऊ शकतं तसं खपली सुटताना पाच-दहा दिवसांनीही येऊ शकतं, तोवर तुम्ही गावी पोचलेल्या असाल, जवळ कोण आहे ते आधी ठरवा. त्या म्हणाल्या एवढं कसं विचारायचं, चिडतील. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, आणि आधी दुधाचं सांगायला लागल्या.